घरगुती वितरण फलक बदलणे (महाराष्ट्र)

घरगुती वितरण फलक बदलणे म्हणजे घरातील वितळतारांचा (फ्यूजचा) जुना फलक काढून त्याच्या जागी एमसीबी व आरसीसीबी असलेला नवा फलक बसवणे, आणि वीजपुरवठा पुन्हा सुरू करण्यापूर्वी संपूर्ण वायरिंगची विहित चाचणी घेणे. बोलीभाषेत या फलकाला 'मेन बोर्ड', 'फ्यूज बोर्ड' किंवा 'डीबी' म्हणतात. महाराष्ट्रात या कामासाठी स्वतंत्र नावाचे असे एकच प्रमाणपत्र कायद्याने ठरवून दिलेले नाही. काम कोणी करावे, वीज सोडण्यापूर्वी काय मोजावे आणि कोणत्या घराला गळतीरोधक साधन सक्तीचे आहे, याविषयीच्या तरतुदी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्या एकत्र वाचल्यावरच या कामाच्या अटी स्पष्ट होतात. त्यामुळे जळालेली वितळतार बदलणे आणि सबंध फलक बदलणे ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत, हे पुष्कळ घरमालकांच्या, आणि काही कारागिरांच्याही, लक्षात येत नाही.

संज्ञा

शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत फ्यूजला वितळतार, अर्थिंगला भूसंपर्कन, फेजला विद्युन्मय तार आणि न्यूट्रलला तटस्थ तार असे प्रतिशब्द आहेत. शॉर्ट सर्किटला लघुपरिपथन म्हणतात. वायरमनला शासकीय परिभाषेत तारतंत्री व इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) अभ्यासक्रम याच नावांनी ओळखले जातात. दुकानात मात्र हे शब्द चालत नाहीत. तेथे किटकॅट, एमसीबी, मेगर, अर्थिंग हेच शब्द रूढ असून गळतीरोधक आरसीसीबीला अजूनही सर्रास 'ईएलसीबी' म्हटले जाते. या लेखात दोन्ही प्रकारचे शब्द सोयीप्रमाणे वापरले आहेत.

जुने फलक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील घरांत लाकडी पाटावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आणि त्याशेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच अशी रचना सर्वत्र आढळत असे. किटकॅटचा वरचा भाग ओढून काढता येतो आणि त्यातील तार जळाली तर नवी बांधता येते. हीच या साधनाची सोय आणि हाच त्याचा दोष. पाच अँपियरच्या तारेच्या जागी जाड तांब्याची तार किंवा तिचे दोन-तीन पेड बांधले की फ्यूज वरचेवर जळत नाही. मात्र त्यानंतर अतिभार झाल्यास फ्यूजऐवजी भिंतीतील वायर तापते.

जुन्या फलकांत आणखी एक धोका असतो. कित्येक ठिकाणी विद्युन्मय आणि तटस्थ अशा दोन्ही तारांवर स्वतंत्र किटकॅट बसवलेले आढळतात. तटस्थ तारेवरचा फ्यूज आधी जळाला तर दिवा विझतो व पंखा थांबतो. पुरवठा बंद झाला असे वाटते, परंतु सर्व उपकरणांपर्यंत विद्युन्मय तार जिवंतच असते. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ३२व्या नियमाने भूसंपर्कित तटस्थ वाहकावर फ्यूज किंवा एकेरी स्विच बसवण्यास मनाई केली होती. दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा जोडस्विच तेवढा चालतो. नियम जुना असूनही असे फलक अनेक वर्षे बसवले जात राहिले, आणि आज बदलायला येणाऱ्या फलकांमध्ये हा दोष प्रथम पाहावा लागतो.

कायदेशीर चौकट

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ नुसार विद्युत सुरक्षेसाठी उपाययोजना विहित करण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे. त्याआधी भारतीय विद्युत अधिनियम, १९१० आणि त्याखालील १९५६ चे नियम लागू होते. प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीच्या उपायांचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. बहुतेक तरतुदींचा गाभा १९५६ पासून फारसा बदललेला नाही.

यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद १९५६ च्या नियमांत ४५व्या व २०१० च्या विनियमांत २९व्या क्रमांकावर होती. ग्राहकाच्या जागेतील विद्युत मांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो, फेरबदलाचे असो वा दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच आणि सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच झाले पाहिजे, असा तिचा आशय आहे. तिला एक अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि तत्सम जोडसाहित्य बदलताना मांडणीची क्षमता किंवा स्वरूप कोणत्याही प्रकारे बदलत नसेल, तर ही अट लागू होत नाही.

'फ्यूज बदलणे' हे शब्द अपवादात आहेत म्हणून फ्यूजचा फलक बदलणेही त्यातच येते, असा गैरसमज होतो. अपवादाचा उत्तरार्ध मात्र निर्णायक आहे. नव्या फलकात परिपथांची संख्या बदलते, वितळतारेच्या जागी एमसीबी येतो, तटस्थ तारांसाठी स्वतंत्र पट्टी येते आणि गळतीरोधक साधनामुळे सबंध घराचे संरक्षण वेगळ्या तत्त्वावर चालू लागते. यालाच मांडणीचे स्वरूप बदलणे म्हणतात. म्हणून किटकॅटमध्ये योग्य मापाची तार बांधणे घरमालकाला करता येते, फलक बदलणे मात्र परवानाधारकाचेच काम ठरते.

दुसरी तरतूद गळतीरोधक साधनाची आहे. १९५६ च्या नियमांत ६१-अ हा नियम घालून पाच किलोवॅट व त्याहून अधिक भाराच्या मांडणीला असे साधन आवश्यक केले गेले. पुढे ही मर्यादा दोन किलोवॅटपर्यंत खाली आणण्यात आली आणि घरगुती जोडणीसाठी गळतीप्रवाहाची कमाल मर्यादा ३० मिलिअँपियर ठरली. एक गिझर आणि एक इस्त्री असलेले घर दोन किलोवॅटची मर्यादा सहज ओलांडते, त्यामुळे आता क्वचितच एखादे घर या तरतुदीबाहेर राहते.

तिसरी तरतूद चाचणीची आहे, आणि व्यवस्थेतील मोठी फट याच ठिकाणी आहे. नव्या किंवा वाढीव पुरवठ्यासाठी अर्ज आल्यावर, तसेच सहा महिन्यांहून अधिक काळ बंद असलेला पुरवठा पुन्हा जोडताना, पुरवठादाराने ग्राहकाच्या मांडणीची तपासणी व चाचणी करावी, असे १९५६ च्या ४७व्या नियमापासून चालत आले आहे. मंजूर भार तोच ठेवून केवळ फलक बदलला तर यांपैकी कोणताही प्रसंग उद्भवत नाही. पुरवठादाराकडे अर्ज जात नाही, त्यामुळे त्याचा तपासनीसही येत नाही. चाचणीची जबाबदारी अशा वेळी पूर्णपणे ठेकेदारावर आणि त्याच्याकडून लेखी अहवाल मागून घेणाऱ्या घरमालकावर येऊन पडते. पंधरा मीटरहून अधिक उंचीच्या इमारतींना विद्युत निरीक्षकाला सूचना देण्याची वेगळी अट आहे. गावातील बैठ्या घरांना तीही लागू होत नाही.

परवाने

महाराष्ट्रात विद्युत ठेकेदारांचे परवाने, पर्यवेक्षकांची सक्षमता प्रमाणपत्रे आणि तारतंत्र्यांचे परवाने हा विषय राज्य शासनाच्या ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे आहे. मुख्य विद्युत निरीक्षकांची नेमणूक अधिनियमाच्या कलम १६२ नुसार होते. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि तारतंत्र्याचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला आहे आणि दुसरी काम करण्याची अनुमती. परवान्याला मुदत असते व तो नूतनीकरण करून घ्यावा लागतो. म्हणून काम सोपवताना परवाना क्रमांकाबरोबर वैधतेची तारीखही पाहणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्षात गावोगावी हे काम करणारा कारागीर बहुधा एकटा असतो. त्याच्याकडे कौशल्य असते, परंतु ठेकेदाराचा परवाना असतोच असे नाही. अशा वेळी परवानाधारक ठेकेदाराकडून केवळ कागदावर सही-शिक्का मिळवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. न पाहिलेल्या वायरिंगवर केलेल्या सहीने चाचणी होत नाही. विनियमात 'प्रत्यक्ष देखरेख' हे शब्द याच कारणासाठी आले आहेत.

पुरवठादाराशी संबंध

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ मध्ये पुनर्रचना झाली आणि वितरणाचे काम महावितरण या कंपनीकडे आले. मुंबईचा बहुतांश भाग व मोजके अपवाद सोडल्यास राज्यातील घरगुती ग्राहक महावितरणचेच आहेत. मीटर, त्याआधीचा कटआउट आणि त्यांवरील सील ही पुरवठादाराची मालमत्ता असून ग्राहकाची मांडणी मीटरच्या पुढे सुरू होते. फलक बदलताना मीटरकडून येणारी तार मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी पुरवठा मीटरच्या आधी बंद करणे आवश्यक असते. ही सोय नसेल तर शाखा कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. सील तोडणे किंवा मीटरमध्ये हस्तक्षेप करणे हा अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. जिवंत तारेवर रबरी हातमोजे चढवून फलक बदलण्याची फुशारकी मारणारे कारागीर आढळतात. तीत कौशल्यापेक्षा घाई अधिक असते.

फलकाबरोबर वातानुकूलन यंत्र, मोठा गिझर किंवा पाण्याचा पंप यांची भर पडणार असेल, तर मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागतो. त्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. वर उल्लेखिलेली फट या मार्गाने आपोआप बुजते, ही भारवाढीच्या अर्जाची फारशी लक्षात न येणारी उपयुक्तता म्हणता येईल.

साहित्याची निवड

एमसीबी, वायर आणि स्विच ही साधने भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या प्रमाणीकरणाखाली येतात. त्यांच्यावर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. आरसीसीबीसाठी आयएस १२६४० हे मानक आहे. वायरिंगच्या एकूण पद्धतीसाठी आयएस ७३२, भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ आणि या सर्वांचा एकत्रित विचार करणारी राष्ट्रीय विद्युत संहिता असे मार्गदर्शक ग्रंथ ब्युरोने प्रसिद्ध केले आहेत.

एमसीबीचे माप वायरवरून ठरते, उपकरणावरून नव्हे. भिंतीत दीड चौरस मिलिमीटरची वायर असताना एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी ३२ अँपियरचा बसवणे म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार बांधण्याचीच नवी आवृत्ती होय. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर आढळल्यास तिची प्रवाहक्षमता तांब्याहून कमी धरावी लागते. तांबे व ॲल्युमिनियम यांचा सांधा नुसत्या पिळ्याने केल्यास तो काही काळाने तापू लागतो. आरसीसीबी अतिभारापासून संरक्षण देत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी असावाच लागतो.

चाचण्या

पुरवठा बंद असताना करायच्या चाचण्या आधी व पुरवठा सुरू केल्यावर करायच्या चाचण्या नंतर, हा क्रम मोडता येत नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास त्याचीही जोडणी सोडवावी लागते. मेन स्विच बंद असूनही इन्व्हर्टरच्या परिपथात वीज असते. सौर पॅनेल बसवलेल्या घरांना हीच दक्षता लागू आहे.

प्रथम भूसंपर्क तारेचे सातत्य पाहतात. फलकातील भूसंपर्क पट्टीपासून प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत हिरवी तार अखंड आहे का, हे कमी रोध मोजणाऱ्या मापकाने तपासले जाते. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते, असे अनेकदा दिसून येते. त्यानंतर ध्रुवता तपासतात. प्रत्येक स्विच विद्युन्मय तारेवर आहे, तटस्थ तारेवर नाही, याची खात्री हा तिचा हेतू.

पुढची चाचणी विद्युतरोधनाची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'मेगर लावण्याची'. विनियमानुसार प्रत्येक विद्युन्मय वाहक आणि भूमी यांच्या दरम्यान ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट दिला असता रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे. मोजणीपूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावे लागतात, एलईडी दिवे उतरवावे लागतात आणि स्विच चालू स्थितीत ठेवावे लागतात. असे केले नाही तर एखाद्या उपकरणातील गळती वायरिंगच्या माथी मारली जाते, किंवा ५०० व्होल्टच्या दाबाने दिव्यातील नाजूक भाग बिघडतात. जुन्या आयएस ७३२ मध्ये ५० या संख्येला परिपथातील बिंदूंच्या संख्येने भागून येणारा रोध मेगओहममध्ये किमान धरण्याची रीत होती. त्याच वेळी सबंध मांडणीसाठी एक मेगओहमहून अधिकाचा आग्रह नसे. अनुभवी पर्यवेक्षक आजही हा हिशेब तोंडी करतात. नव्या, कोरड्या वायरिंगमध्ये आकडा एक मेगओहमच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे जेमतेम एक मेगओहम मिळणे हे उत्तीर्ण होण्यापेक्षा इशाऱ्याचे लक्षण मानणे योग्य.

भूसंपर्कनाची चाचणी सर्वांत अधिक टाळली जाते. खरी पद्धत अर्थ टेस्टरची आहे. मुख्य इलेक्ट्रोडपासून ठरावीक अंतरांवर दोन लोखंडी खुंट्या ठोकून रोध ओहममध्ये मोजला जातो. तिच्याऐवजी बहुतेक ठिकाणी विद्युन्मय तार व अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहतात, आणि तो लागला की अर्थिंग चांगले असा निर्वाळा दिला जातो. या परीक्षेचा फोलपणा साध्या गणिताने दिसतो. २३० व्होल्टवरील शंभर वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. भूसंपर्कनाचा रोध १०० ओहम इतका वाईट असला तरी दिव्याला सुमारे १९३ व्होल्ट मिळतात व तो चांगला लागतो. १०० ओहमचे भूसंपर्कन असलेल्या घरात दोष उद्भवला, तर मात्र प्रवाह अवघा २.३ अँपियर वाहील. त्याने सहा अँपियरचा एमसीबीही पडणार नाही.

एमसीबी बसवला म्हणजे विजेचा धक्का बसणार नाही, ही समजूत या कामातील सर्वांत घातक समजूत आहे. समजा भूसंपर्कनाचा रोध २० ओहम आहे आणि धुलाई यंत्राच्या पत्र्याला आतली विद्युन्मय तार टेकली. रोहित्राच्या टोकाचा रोध सोडून दिला तरी दोषप्रवाह २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपियर. सोळा अँपियरचा एमसीबी हा प्रवाह नेहमीचाच भार समजतो. जुनी पंधरा अँपियरची वितळतारही वितळली नसती. यंत्र चालू राहते, पत्रा जिवंत राहतो. 'सी' प्रकारच्या १६ अँपियर एमसीबीने तत्क्षणी पडावे यासाठी १६० अँपियर प्रवाह मिळण्याची हमी लागते, म्हणजे दोषमार्गाचा एकूण रोध दीड ओहमहूनही कमी असावा लागतो. घरापाशी पुरलेल्या एका इलेक्ट्रोडने ते साधत नाही. हेच काम ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी सहज करतो. स्पर्शाचा दाब ५० व्होल्टच्या आत ठेवायचा तर त्याला सुमारे १,६६६ ओहमपर्यंतचा भूसंपर्क रोध गणिताने पुरतो. अर्थात इतके वाईट भूसंपर्कन ठेवावे असा याचा अर्थ नाही. आरसीसीबी हे यंत्र आहे, आणि यंत्र बिघडू शकते.

पुरवठा सुरू केल्यावर आरसीसीबीची चाचणी स्वतंत्र मापकाने घेतली जाते. अंकित गळतीप्रवाहाच्या निम्म्याला तो पडता कामा नये, पूर्ण प्रवाहाला ३०० मिलिसेकंदांत पडावा आणि पाचपट प्रवाहाला ४० मिलिसेकंदांत. आरसीसीबीवरील 'टी' चिन्हाचे बटण दाबल्यावर तो पडणे ही चाचणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. ते बटण साधनाच्या आतच कृत्रिम गळती निर्माण करते. घराला भूसंपर्कन अजिबात नसले तरी बटणाने आरसीसीबी पडतोच. त्यामुळे बटण चालते यावरून भूसंपर्कन आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

चाचणी अहवाल

अहवालासाठी कोरा छापील नमुना मिळतो. अनेक अहवालांत प्रत्येक रकान्यापुढे केवळ 'ठीक' असा शेरा असतो. अशा अहवालाला चाचणीच्या नोंदीचे मूल्य नाही. उपयोगी अहवालात प्रत्येक परिपथाची वायर व एमसीबीचे माप, विद्युतरोधनाचे मेगओहममधील आकडे, भूसंपर्कनाचा ओहममधील रोध, आरसीसीबी पडण्याचा वेळ, वापरलेली मापके, चाचणीची तारीख, तसेच ठेकेदार व पर्यवेक्षक यांचे परवाना क्रमांक आणि सह्या असतात. पाच वर्षांनी दुसऱ्या कारागिराने तेच आकडे पुन्हा घेतल्यास वायरिंग किती खालावले हे कळते, आणि अहवालाचा खरा उपयोग तोच आहे. परिपथांची नावे लिहिलेला कागद फलकाच्या दारामागे चिकटवणे ही लहानशी बाबही याच कामाचा भाग समजली जाते.

विजेचा अपघात घडल्यास कलम १६१ खाली त्याची सूचना द्यावी लागते व विद्युत निरीक्षकांमार्फत चौकशी होऊ शकते. काम कोणी, केव्हा आणि कोणत्या मोजमापांनी केले हे अशा वेळी अहवालावरूनच कळते.

मुळशी परिसरातील विशेष बाबी

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कासारसाई हे त्याच नावाच्या धरणाजवळचे गाव आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र येथून जवळ आहे. अशा गावांत कौलारू जुनी घरे आणि नवी सिमेंटची बांधकामे शेजारी शेजारी असतात. तीस वर्षांपूर्वी चार दिवे आणि एका पंख्यासाठी घातलेल्या वायरिंगवर आज फ्रीज, गिझर, इंडक्शन शेगडी व पंप चालतात. खोल्या भाड्याने दिलेल्या घरांत एकाच फलकातून पुढे वायर ओढल्या जातात. (मुळशीच्या खोऱ्यातील पाण्यावर टाटांच्या भिरा केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. खुद्द या तालुक्यातील घरांत दिवे लागायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.)

सह्याद्रीच्या या पूर्व उतारावर काळा बेसाल्ट खडक आहे आणि त्यावर मुरमाचा व मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ आहे. भूसंपर्कनाच्या नळीसाठी आयएस ३०४३ नुसार किमान अडीच मीटर लांबी अपेक्षित असते, परंतु येथे तेवढ्या खोलीपूर्वीच खडक लागतो. नळी कापून आखूड करणे हा त्यावर उपाय नाही. शेतात किंवा परसात माती खोल असलेल्या जागी इलेक्ट्रोड नेणे, एकाऐवजी अंतरावर दोन-तीन इलेक्ट्रोड घालून ते जोडणे, असे मार्ग त्यासाठी आहेत. कोळसा व मीठ घातल्याने रोध कमी होतो, मात्र मीठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि नळीही गंजते.

ऋतूचा परिणाम या भागात विशेष जाणवतो. ऑगस्टमध्ये जमीन पाण्याने संपृक्त असताना मोजलेला भूसंपर्क रोध समाधानकारक येतो. तीच जमीन मे महिन्यात कोरडी पडली की आकडा कितीतरी पट वाढतो. विद्युतरोधनाचे नेमके उलट आहे. उन्हाळ्यात कोरड्या भिंतीत मेगर उत्तम आकडा दाखवतो, आणि पावसाळ्यात ओल आली की तोच रोध घसरतो. म्हणून भूसंपर्कनाची मोजणी एप्रिल-मे महिन्यांत व विद्युतरोधनाची जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घेतल्यास प्रत्येक बाबतीत वाईटात वाईट स्थितीचा आकडा हाती येतो. फलक बहुधा एकाच दिवशी बदलला जातो, त्यामुळे ज्या ऋतूत काम झाले त्याला अनुकूल असणाऱ्या चाचणीच्या निकालावर कमी विसंबावे लागते.

ग्राहकाच्या जागेत पुरवठा सुरू होतो त्या बिंदूजवळ भूसंपर्कित टोक पुरवणे व ते सुस्थितीत राखणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे, असे १९५६ च्या ३३व्या आणि २०१० च्या १६व्या तरतुदीत म्हटले होते. ग्रामीण भागात खांबावरून घरात येणाऱ्या हवाई तारा पुष्कळदा दोनच असतात. त्यामुळे घरमालक स्वतःचा खड्डा घेतो. फलक बदलताना असे टोक उपलब्ध आहे का, याची लेखी विचारणा शाखा कार्यालयात करता येते.

बदलानंतर आढळणारे दोष

नवा फलक बसवल्यावर आरसीसीबी वारंवार पडू लागतो, ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. तिचे एक प्रमुख कारण उसनी तटस्थ तार. जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीच्या दिव्याला फेज एका परिपथातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून घेतलेला असतो. किटकॅटच्या काळात हे कोणाला कळत नसे. आरसीसीबी मात्र जाणारा व परतणारा प्रवाह सतत ताडून पाहतो, आणि परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने गेला की पुरवठा तोडतो. इन्व्हर्टरची तटस्थ तार घराच्या तटस्थ तारेशी चुकीच्या ठिकाणी जोडलेली असणे, सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थिंग एकत्र केलेले असणे, बाथरूममधील गिझरचा कॉइल ओलसर झालेला असणे ही इतर कारणे होत.

यांपैकी प्रत्येक दोष शोधून काढता येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि सायंकाळ झालेली असते. मग 'ईएलसीबीच खराब आहे' असे सांगून तो वगळला जातो व तार थेट जोडली जाते. फलकावर आरसीसीबी दिसत राहतो, त्याचा खटकाही वरखाली होतो, परंतु संरक्षण शून्य असते. घरमालकाला हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'टी' बटण दाबणे. घरातील दिवे विझले नाहीत तर आरसीसीबी वगळला गेला आहे किंवा निकामी झाला आहे. महिन्यातून एकदा हे बटण दाबण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात.

सैल स्क्रू हे आणखी एक कारण. फलकात वायर घट्ट न आवळल्यास सांधा तापतो, प्लॅस्टिक काळे पडते आणि कधी आग लागते. मऊ ॲल्युमिनियमची वायर असल्यास काही आठवड्यांनी पुरवठा बंद करून स्क्रू पुन्हा आवळावे लागतात.

इंग्लंडमधील पद्धत

इंग्लंड व वेल्समध्ये इमारत नियमांचा 'पी' हा भाग १ जानेवारी २००५ पासून लागू झाला आणि घरातील फलक बदलणे हे स्थानिक प्राधिकरणाला कळवण्याचे काम ठरले. इंग्लंडमध्ये २०१३ साली अशा कामांची यादी बरीच कमी करण्यात आली, तरी फलक बदलण्याचे काम तिच्यात कायम राहिले. नोंदणीकृत कारागीर काम करून स्वतःच ते प्रमाणित करतो. घरमालकाला मोजमापांच्या तक्त्यासह विद्युत मांडणीचे प्रमाणपत्र आणि इमारत नियमांचे पालन झाल्याचा दाखला असे दोन कागद मिळतात. २०१६ च्या आरंभापासून घरगुती फलकाची पेटी अज्वलनशील असण्याची अट तेथील बीएस ७६७१ या मानकात आली. प्लॅस्टिकच्या पेट्यांतील सैल सांध्यांमुळे लागणाऱ्या आगी हे त्याचे कारण होते. घर विकताना वकिलांकडून हे दाखले मागितले जातात, त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते जपून ठेवावे लागतात. महाराष्ट्रात घराच्या खरेदीखतासोबत वायरिंगचा चाचणी अहवाल मागण्याची प्रथा नाही, आणि जुने घर घेणारा बहुधा त्यातील फलकाचे दारही उघडून पाहत नाही.